पाच विजेते आणि एक कपाट: क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पुण्यात बालेवाडीला होऊन गेलेल्या ‘महाराष्ट्र ओपन’ टेनिस स्पर्धेचं दप्तर, म्हणजे तिची कागदपत्रं आणि आठवणी

महोदय,

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण सुट्ट्या काढकाढून जे काम केलं ते टेनिसच्या लाइन अंपायरचं. म्हणजे कोर्टाच्या मागे गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभं राहायचं, एका रेषेकडे बघायचं आणि चेंडू बाहेर पडला की ओरडायचं. खेळाडूचा चेहरा फारसा दिसत नाही, बूट मात्र पाठ होतात. २०२५ पासून एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, टूरवर हे काम यंत्रं करतात. तेव्हा आधी स्पर्धा गेली आणि मग आमची जातही गेली, असं म्हणा. तक्रार नाही. यंत्राला ऊन लागत नाही आणि खेळाडूच्या शिव्याही समजत नाहीत.

हे पत्र सुचलं ते मात्र पुण्यात नाही, जर्मनीत. मुलगी फ्रँकफुर्टला नोकरीला आहे. तिथून लोकलनं वीस-पंचवीस मिनिटांवर बाड होम्बुर्ग नावाचं गाव आहे. हे ‘बाड’ आपल्या बाडबिस्तऱ्यातलं नव्हे. त्याचा अर्थ स्नान. औषधी झऱ्यांच्या गावांना तिकडे ही उपाधी लावतात, होम्बुर्गला ती १९१२ साली मिळाली. बागेत एक झरा आहे, एलिझाबेथच्या नावाचा. ही इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची मुलगी, या गावच्या राजघराण्यात सून म्हणून आली होती. मी ते पाणी प्यायलो. खारट, वर लोखंडाची चव. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडात निदान नुसतं उतरायचं असतं, इथे प्यायचं असतं, तेही पेला पेला.

या गावाची गोष्ट तुम्हाला सांगण्यासारखी आहे, कारण सरकारच्या एका कायद्यानं ते अडचणीत आलं होतं. १८४१ साली ब्लांक नावाच्या दोन फ्रेंच भावांनी इथे जुगारघर उघडलं आणि गाव नावारूपाला आलं. त्यातलाच एक भाऊ पुढे माँटे कार्लोला गेला आणि तिथलं जुगारघर त्यानं भरभराटीला आणलं. मग १८७२ च्या अखेरीस जर्मन साम्राज्यानं जुगार बंद केला. आता पाहुण्यांनी यायचं कशाला? डॉक्टर सांगणार तीन-चार आठवडे राहा, सकाळी पाणी प्या, फिरा. दहा वाजेपर्यंत ते उरकतं. उरलेला दिवस काय करणार? उद्यानात बँड ऐकून ऐकून किती ऐकणार? आणि बरोबर आलेल्या धडधाकट तरुण मंडळींचं काय, त्यांना तर कुठला आजारही नाही!

उत्तर इंग्रज पाहुण्यांनीच सामानातून आणलं. १८७६ साली उद्यानातल्या हिरवळीवर त्यांनी जाळं बांधलं आणि लॉन टेनिस सुरू केलं. तेव्हा हा खेळ नवाकोरा होता. जगातला पहिला लॉन टेनिस क्लब इंग्लंडमधल्या लेमिंग्टन इथे १८७२ साली निघाला, आणि तेही झऱ्यांचंच गाव, हा योगायोग नसावा. टेनिसला सपाट हिरवळ लागते, रिकामा वेळ लागतो आणि बघायला माणसं लागतात. झऱ्यांच्या गावात तिन्ही गोष्टी फुकट. पुढे सातवे एडवर्ड झाले ते इंग्लंडचे युवराज तर होम्बुर्गला वारंवार यायचे. डोक्यावरची होम्बुर्ग हॅट त्यांच्यामुळेच जगभर गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. जर्मनीची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १८९२ साली हॅम्बुर्गला सुरू झाली. १८९८ साली ती होम्बुर्गला आली. पहिल्याच वर्षी हॅरॉल्ड माहोनी जिंकला, १८९६ चा विम्बल्डन विजेता. दुसऱ्या वर्षी अमेरिकेचा क्लॅरेन्स होबार्ट. १९०१ साली फ्रान्सचा मॅक्स डेक्युजी, वय वर्षं अठरा. आणि १९०२ साली स्पर्धा परत हॅम्बुर्गला. म्हणजे होम्बुर्गच्या वाट्याला जेमतेम चार वर्षं आली. पुढे १९१४ च्या महायुद्धानं इंग्रज पाहुणे गेले, रशियन गेले, तो सगळा थाटच गेला.

एवढं वाचून तुम्हाला बालेवाडी आठवली असेल तर माझं निम्मं काम झालं.

आपली बालेवाडीची स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. १९९७ ते २०१७ अशी एकवीस वर्षं ती चेन्नईत होती, तिथे वावरिंका चार वेळा जिंकला. २०१८ मध्ये ती पाच वर्षांसाठी पुण्यात आली. राज्य सरकारचं पाठबळ होतं, संघटनेनं जीव ओतला आणि आम्ही गुडघे झिजवले. पुण्यात ती पाच वेळा झाली: २०१८, २०१९, २०२०, साथीमुळे एक वर्ष सोडून २०२२, आणि २०२३. विजेते अनुक्रमे जिल सिमाँ, केव्हिन अँडरसन, यिरी व्हेसेली, जुआव सोझा आणि टॅलन ग्रीकस्पूर. ही पाच नावं मला तोंडपाठ आहेत. माझ्या सोसायटीत अजून कुणाला ती येत असतील असं वाटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

५ जानेवारी २०१९ चा शनिवार सांगतो. अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा फूट अकरा. कार्लोविच एकोणचाळीस पूर्ण करून चाळिशीकडे निघालेला. १९७७ मध्ये हाँगकाँगला केन रोझवॉल खेळला, त्यानंतर एवढ्या वयाचा माणूस टूरच्या अंतिम सामन्यात उतरला नव्हता. मागच्या रेषेवर वाकून उभं असताना त्याची सर्व्हिस समोरून येते म्हणजे काय होतं ते सांगता येणार नाही, पण सांगतो. चेंडू आधी दिसत नाही, आवाज येतो. तोपर्यंत तो मागच्या कापडी पडद्यावर आदळलेला असतो, आणि तुम्ही दोन्ही तळवे जमिनीकडे करून ‘आत’ अशी खूण केलेली असते. हात आधी बोलतात, डोकं मागून येतं. तीन सेट, तिन्ही सहा-सहा बरोबरीत अडकून टायब्रेकला गेले, शेवटचा टायब्रेक सात-पाचवर सुटला. अँडरसन जिंकला. माझ्या शेजारचा तरुण लाइन अंपायर, इंजिनिअरिंगचा मुलगा, बाहेर आल्यावर म्हणाला, “काका, मी बहुतेक तीन तास डोळेच मिटले नाहीत.” त्याच वर्षी दुहेरीत बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले होते, तेव्हा गॅलरीनं छप्पर डोक्यावर घेतलं होतं. छप्पर नव्हतं, पण घेतलं होतं.

मग २०२३ नंतर संपलं. २०२४ च्या जानेवारीत कॅलेंडरवर त्या आठवड्यात हाँगकाँग होतं. रोझवॉलचंच हाँगकाँग, योगायोग बघा. एटीपीच्या मुख्य टूरवरची स्पर्धा त्यानंतर भारतात झालेली नाही.

ती परत आणा, असं मी म्हणत नाही. ऐकून बरं वाटलं असेल. स्पर्धेचा परवाना राज्याचा नव्हता, मुदत पाच वर्षांची होती, ती संपली. भाड्याच्या घरात मालकानं पुढे ठेवलं नाही म्हणून रडायचं नसतं. २०२० मध्ये नवी सांघिक स्पर्धा जानेवारीत आली आणि आपली फेब्रुवारीत ढकलली गेली. मोठे खेळाडू तेव्हा ऑस्ट्रेलियन ओपन आटपून घरी गेलेले असतात. हे सगळं आपल्या हातात नव्हतं.

पण घर सोडताना आपण भिंतीवरचे फोटो तरी उतरवून बरोबर नेतो की नाही?

होम्बुर्गनं तेवढंच केलं. चार वर्षांची स्पर्धा गेली, पण त्या उद्यानातला क्लब राहिला आणि तो आजही आपलं साल १८७६ असं सांगतो. २०२० मध्ये तिथे महिलांची टूरवरची स्पर्धा व्हायची होती, साथीनं वर्षभर लांबली, २०२१ मध्ये झाली. गवताच्या कोर्टवर, त्याच उद्यानात, विम्बल्डनच्या तोंडावर. पहिल्याच वर्षी जर्मनीची अँजेलिक केर्बर जिंकली. २०२४ पासून ती स्पर्धा वरच्या दर्जाची झाली. शंभराहून जास्त वर्षांनी पाहुणे परत आले, तेव्हा गावाला आपली ओळख नव्यानं करून द्यावी लागली नाही.

माझी मागणी त्यामुळे लहान आहे. सेंटर कोर्टच्या वाटेवर पाच विजेत्यांचा आणि दुहेरीच्या जोड्यांचा एक साधा दगडी फलक असावा. फ्लेक्स नको, पावसाळ्यात लोंबतो. जवळच एक खोली असावी, जिथे ड्रॉचे (कोण कुणाशी खेळणार त्याचे) कागद, फोटो, बॉलबॉय पोरांचे टी-शर्ट ठेवता येतील. तिथे त्या पोरांची नावंही लिहावीत, आणि पहाटे कोर्ट पुसणाऱ्यांचीही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच बालेवाडीत चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पायरीची, स्पर्धा व्हॅलेंटिन व्हाशरो जिंकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोच मोनॅकोचा पोरगा, क्रमवारीत दोनशे चारावा असताना, पात्रता फेरीतून वर येऊन शांघायची मास्टर्स जिंकला, वाटेत जोकोविचला हरवून. आमच्या नातवाच्या टेनिसच्या बॅचमधल्या पोरांना मी हे सांगितलं, तर एकानं विचारलं, “आजोबा, तो खरंच इथे खेळला? कुठल्या कोर्टवर?” बोट दाखवायला काहीतरी असलं पाहिजे.

त्याच खोलीत जागा उरली तर पंडिता क्षमा राव यांनाही एक भिंत द्या. पुण्यात जन्मल्या, संस्कृतात लिहायच्या, आणि टेनिसच्या मैदानातही नाव काढून होत्या. त्यांची मुलगी लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. हे मला पन्नाशीनंतर कळलं, याची मला लाज वाटते. निदान माझ्या नातीला वेळेवर कळू दे.

आणि एक जरा अवघड मागणी. पुन्हा एखादी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणायचा करार कराल, त्याआधी या पाच वर्षांचा हिशेब लोकांसमोर ठेवा. सरकारनं किती दिलं, कोर्टं नंतर किती पोरांच्या वापरात आली, किती स्थानिक अंपायर तयार झाले. आकडे चांगलेही असतील, मला तसंच वाटतं. पण ते कागदावर असू देत. पुढच्या करारात एक कलमही घाला: स्पर्धा गेली तरी तिचं दप्तर इथेच राहील.

माझ्याकडे पाचही वर्षांचे ड्यूटी चार्ट आहेत, दोन टोप्या आहेत, ओळखपत्रं आहेत, आणि त्या शनिवारच्या सामन्याचा एक चेंडू आहे. तो कसा मिळाला ते विचारू नका. आमच्या घराचं रंगकाम दिवाळीच्या आधी निघालंय आणि बायकोनं कपाट रिकामं करायची नोटीस दिली आहे. हे सगळं कुठल्या कार्यालयात, कुणाकडे आणून द्यायचं, तेवढं कळवावं.

आपला,
बालेवाडीचा एक माजी लाइन अंपायर
पुणे