फ्रेमवाल्या काकांचे जाहीर आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

प्रदर्शन आटोपलं, चित्रं घरी आली आणि एकाही काचेला आतून ओल धरलेली नाही. भर पावसाळ्यात, तेही मुंबईत! याचं श्रेय तुमचं, म्हणून हे पत्र चारचौघांत.

माझ्या चित्रांत ओळखू येईल असा आकार नसतो. कॅनव्हासवर आईच्या इरकलीचा पदर, त्यावर पातळ अ‍ॅक्रिलिक, मधूनच तलम कागद, गंजक्या सेफ्टी पिना. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत माया आणि चीड एकदमच दाटून यायची, ते मला चेहरा न काढता मांडायचं होतं. बघणारे विचारतात, "यात बाई कुठाय?" तुम्ही विचारलंत, "पदराचं वजन कशावर घेणार?"

पदर चिकटवावा की शिवावा, हा माझा घोळ तुम्ही उभ्या उभ्या मिटवलात. चिकटवलं की कापड ताठरतं. दमट हवेत सुती कॅनव्हास हलतो, वरचं कापड त्याच्याबरोबर हलत नाही, मग चुण्या पडतात आणि कडा सुटतात. टाक्यात थोडी ढील राहते. मी लाल दोऱ्याचा धावदोरा घातला, आणि ब्रशने कितीही केलं तरी साधत नव्हती ती रेघ तिथे उमटली. लोक त्या रेघेत काय काय वाचतात! वाचू देत. मूळ ती तुम्ही गिऱ्हाइकाला दिलेल्या सल्ल्यातली.

शिल्पकार लुईझ बुर्ज्वाबद्दल (१९११–२०१०) तुम्हाला सांगितलं होतं. तिच्या आईवडिलांचा फ्रान्समध्ये जुन्या टॅपेस्ट्री (भिंतीवर लावायची विणलेली चित्रं) दुरुस्त करायचा व्यवसाय होता, आणि उतारवयात तिने स्वतःचेच जुने कपडे, घरातली कापडं शिवून कलाकृती केल्या. त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे आमच्याच लायनीतली." तिच्यावर इतकं लिहिलं गेलंय, पण मला हेच पटलं.

मग पिना. "गंज वाढू द्यायचा की थांबवायचा?" हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नसता. एकीवर वाढू दे म्हटलं, बाकीच्यांवर लॅकरचा हात दिलात. काच कापडाला टेकू नये म्हणून कडेने पट्ट्या घालून पोकळी ठेवलीत. फ्रेमच्या मागे, खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत, भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळायला. बिलात यातलं काहीच नव्हतं. मी विचारलं तर विषय बदलून चहा मागवलात.

दिवाळीनंतर नवे कॅनव्हास घेऊन येतेय. मोठे आहेत, दारातून तिरपे करून घ्यावे लागतील, तेव्हा पुढचं टेबल आधीच हलवून ठेवा. आणि या वेळी बुचाचे पैसे लावा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
पदरवाली