बाळंतिणीला फलक नकोत, शेजारी बसणारं माणूस हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की स्तनपानाचे फलक लागतात, भाषणं होतात, आईच्या दुधाला अमृत म्हटलं जातं. यंदा आपल्या पुरवणीतही तेच झालं. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती कक्षात गेली. आईचं दूध चांगलं असतं हे माहीत नाही म्हणून पावडरचा डबा आणणारी बाई मला क्वचितच भेटली. डबा येतो तिसऱ्या-चौथ्या रात्री. छाती दाटून दगड झालेली, स्तनाग्रांना चिरा पडलेल्या, बाळ रडून लालबुंद, आणि उशाशी कुणीतरी म्हणत असतं, "हिला दूधच पुरत नाही."

दूध बहुतेक वेळा असतं. बाळाने नुसतं टोक धरलेलं असतं. त्याने तोंड मोठं उघडून भोवतालचा काळा भागही घेतला, हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, की आईच्या कपाळावरची आठी तिथल्या तिथे जाते. पहिला आठवडा सरत आला आणि दिवसाला सहा-सात दुपटी ओली होत असली तर पोट भरतंय, एवढं नीट सांगितलं की सासूबाईसुद्धा ऐकतात. पण हे पत्रक वाटून जमत नाही. शेजारी बसावं लागतं, पाठीशी उशी सरकवावी लागते, आणि दोन दिवसांनी पुन्हा जावं लागतं.

हा माझा एकटीचा हेका नाही. हरियाणातल्या खेड्यांत अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि सुइणींना हेच शिकवून एक अभ्यास झाला, तो 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जिथे हे काम झालं तिथे तिसऱ्या महिन्यात 79 टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती, इतर गावांत 48 टक्के. जुलाबही कमी झाले. जगभरच्या शंभरावर चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या 'कॉक्रेन' या संशोधन संस्थेच्या आढाव्यांतही आधार मिळालेल्या आया जास्त दिवस अंगावर पाजतात असंच दिसतं, आणि चार ते आठ भेटी ठरवून दिल्या तर फायदा अधिक.

आता आपल्याकडचं पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं 41.8 टक्केच. म्हणजे बाई आमच्यासमोर खाटेवर आहे आणि तास आम्हीच घालवतो. खासगी रुग्णालयांत जवळजवळ निम्मी बाळंतपणं सिझेरियनची. "भूल उतरू दे, मग देऊ" हे तिथलं ठरलेलं उत्तर. अहो, भूल बहुतेक वेळा मणक्यात दिलेली असते, बाई टक्क जागी असते! बाळाला धरायला एक जादा हात लागतो, तो द्यायचा नसतो, इतकंच.

घरी गेल्यावर काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेऊन दाखवली आणि त्यातूनच आशाताईंच्या भेटी देशभर आल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्या भेटीच्या अर्जात आईचेही प्रश्न आहेत. दिवसातून किती वेळा पोटभर जेवली, रक्तस्रावासाठी कापडाच्या किती घड्या बदलाव्या लागल्या, ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास येतो का, असंबद्ध बोलते का, छातीला चिरा किंवा गाठी आहेत का. फार विचाराने केलेला अर्ज आहे. पण बाळाचं वजन झालं, चहा झाला, की हे रकाने बाईला न विचारताच "नाही, नाही" म्हणून भरलेले मी पाहिलेत. आशाताईंना तरी किती बोलायचं? योजना आली तेव्हा सगळ्या भेटी पूर्ण केल्याचा मोबदला ठरला 250 रुपये. शहरात तर आशा मुख्यतः गरीब वस्त्यांपुरत्याच. सोसायटीतल्या बाळंतिणीला मोबाइलवरच्या व्हिडिओंशिवाय कुणी नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रसूती कक्षात रात्रपाळीलाही एक परिचारिका फक्त पाजण्याच्या मदतीसाठी असावी, कारण रडारड रात्रीच होते. खासगी रुग्णालयातून सुट्टी देताना तिसऱ्या आणि सातव्या दिवशी कोण भेटणार, हे कागदावर लिहून द्यावं.

आणि माहेरचा घोळ मिटवावा. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. नाव सासरच्या गावच्या यादीत, बाई दुसऱ्या तालुक्यात. मग तिसऱ्या दिवशी दारात येणार कोण? ती निघतानाच तिची नोंद माहेरच्या आशाकडे जावी, आणि भेटी जिने दिल्या तिच्याच नावावर पैसे जमा व्हावेत, यादी कुठल्याही गावची असो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
सातारा जिल्हा