लष्करी टपाल रद्दीत देऊ नका

महोदय,

नौपाड्यात जागोजागी पुनर्विकास सुरू आहे. घरे रिकामी करताना माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि पणजोबांची पत्रे किलोच्या भावाने रद्दीत जातात. अशाच एका गठ्ठ्यात मला पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, आलेले पाकीट मिळाले. पंचम जॉर्जच्या तिकिटावर 'आय. ई. एफ.' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी लढायला पाठवलेली भारतीय फौज) ही अक्षरे छापलेली. शिक्क्यात गावाचे नाव नाही, नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक. पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून. शेजारी सेन्सॉरची मोहोर. आत मात्र एवढेच, की पाऊस झाला का, बैल विकला नाही ना? वाचताना गळा दाटून आला.

१९१६ मध्ये मेसोपोटेमियातल्याच कूत शहराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत तेव्हा अशा पत्राची वाट पाहिली गेली असेल. पुढे दुसरे महायुद्ध, १९६२, १९६५, १९७१. जवानांना पत्र पाठवायचा '५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) हा पत्ता तर अनेकांना आजही पाठ आहे.

कृपया तिकीट कापून घेऊ नका, लॅमिनेशनही करू नका. पाकीट, शिक्के आणि मजकूर एकत्र असले तरच पत्राचा प्रवास उलगडतो. १८९३ पासून ठाण्यात उभ्या असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने अशी पत्रे स्कॅन करून मूळ प्रत घरी परत देण्याची सोय करावी, ही विनंती. मी मदतीला यायला तयार आहे.

— एक टपालसंग्राहक, नौपाडा, ठाणे