विषय: यूव्ही प्युरिफायरच्या सेवेतील त्रुटी आणि दूषित पाण्याबाबत दिलेली चुकीची माहिती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीचं नळाचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं, त्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून पाण्यात येणारे जंतू, सापडले. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू अजिबात आढळता कामा नये. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला होता आणि शेजारच्या ड्रेनेजच्या चेंबरमधलं पाणी आत झिरपत होतं. ते काम सोसायटीने हातात घेतलं आहे, त्याबद्दल आपल्याकडे तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर आपल्या माणसाने माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून जे सांगितलं त्याबद्दल.

अहवाल हातात पडताच मी आपल्या कॉल सेंटरला फोन करून स्पष्ट सांगितलं होतं की पाण्यात जंतू निघाले आहेत, घरात तान्हं बाळ आणि वयस्कर सासूबाई आहेत, प्युरिफायर नीट तपासून द्या. तंत्रज्ञ आला. त्याने पेल्यात पाणी घेतलं, टीडीएस मीटर बुडवला, आकडा दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, पाणी एकदम शुद्ध आहे, बिनधास्त प्या." मी त्याला तोच मीटर सिंकच्या नळाच्या, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या पाण्यात बुडवायला सांगितला. आकडा जवळजवळ तोच आला! तो गप्प झाला.

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. शिवाय माझं यंत्र यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं आहे, ते क्षार काढत नाही, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या पाण्याचा आकडा सारखाच येणार. ही गोष्ट आपल्या कंपनीला माहीत नाही असं मी कसं मानू? त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या बॅगेत हा मीटर आणि विकायला आणलेलं कॉपर कार्ट्रिज एवढंच होतं, ते घ्या म्हणून त्याने आग्रहही केला. त्याला तेवढंच शिकवून पाठवलेलं दिसतं.

मग मी झाकण उघडायला लावलं. यूव्ही ट्यूबची टोकं काळवंडलेली होती. पाणी साठतं त्या टाकीच्या आतून बोट फिरवलं तर भिंत बुळबुळीत लागली. ट्यूब कधी बदलली याची नोंद सर्व्हिस कार्डावर नाही, मी वार्षिक देखभाल कराराचे पैसे मात्र वेळच्या वेळी भरले आहेत. निळा दिवा लागतो म्हणजे ट्यूबला वीज मिळते, एवढंच. वापराने तिची जंतू मारण्याची ताकद कमी होत जाते, पाणी गढूळ असेल तर किरण जंतूंपर्यंत नीट पोचत नाहीत. आणि यूव्हीनंतर पाण्यात क्लोरीनसारखं राखण करणारं काही उरत नाही, त्यामुळे टाकी अस्वच्छ असेल तर शुद्ध झालेलं पाणी तिथेच पुन्हा बिघडतं.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते आहे, कारण २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात, जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला. महापालिकेने इथली पाणी शुद्ध करून विकणारी कितीतरी खासगी आरओ केंद्रं सील केली. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडलेले इथल्या लोकांनी पाहिले आहेत. अशा ठिकाणी "बिनधास्त प्या" हे वाक्य फार जबाबदारीचं आहे.

त्या दिवशी आपल्या माणसाने खरं तर एवढंच सांगायला हवं होतं: सोसायटीची टाकी दुरुस्त होऊन पुढचा अहवाल चांगला येईपर्यंत प्युरिफायरवर विसंबू नका. पाणी गढूळ असेल तर फडक्याने गाळून घ्या, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून ठेवा. बाळाची बाटली, दात घासणं, कोशिंबिरीच्या भाज्या धुणं, बर्फ, सगळ्याला तेच पाणी. उकळणं जमत नसेल तर मेडिक्लोर (पाणी निर्जंतुक करायचं क्लोरीनचं द्रावण) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. हे आम्ही आरोग्य खात्याच्या सेविकेकडून ऐकलं, ज्यांना आम्ही पैसे देतो त्यांच्याकडून नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. ट्यूब आणि फिल्टर विनामूल्य बदलून टाकी निर्जंतुक करून द्यावी आणि त्यानंतर यंत्रातल्या पाण्याची जिवाणू तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आपल्या खर्चाने करून लेखी अहवाल द्यावा. चालू वर्षाच्या देखभाल कराराची रक्कम परत करावी. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, टीडीएसच्या आकड्यावरून पाणी जंतुमुक्त असल्याचं सांगू नये, अशी लेखी सूचना आपल्या सर्व तंत्रज्ञांना द्यावी व तिची प्रत मला पाठवावी. आमच्याच सोसायटीत आपले बरेच ग्राहक आहेत, त्यांनाही हाच मीटर दाखवला गेला आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

पाण्याचा अहवाल, कराराची पावती, सर्व्हिस कार्ड आणि ट्यूबचे व टाकीचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक
सिंहगड रस्ता, पुणे