ओझोनचा आकडा जमिनीवर ताडून घ्या

संपादक महोदय,

ओझोनविषयीच्या बातम्यांत उपग्रहाचा आकडा शेवटचा शब्द मानला जातो. सूर्याच्या अतिनील किरणांवरून डोक्यावरचा एकूण ओझोन मोजणाऱ्या, जमिनीवरच्या डॉब्सन किंवा ब्रूअर उपकरणाशी ताडल्याशिवाय तो तसा मानू नये. अंटार्क्टिकावरची घट १९८५ मध्ये जगापुढे आली तीही तिथल्या हॅली या ब्रिटिश संशोधन केंद्रावरच्या डॉब्सन नोंदींमुळेच.

ही ताडणी म्हणजे नुसती वजाबाकी नव्हे. उपग्रह डोक्यावरून जातो त्या वेळेजवळची, थेट सूर्यप्रकाशात घेतलेली नोंदच निवडावी. ढगाळ आकाशाकडे रोखून घेतलेली नोंद कच्ची असते. ढगाखालचा ओझोन उपग्रहाला दिसत नाही, तिथे अंदाजच भरला जातो. म्हणून ढगाळ चौकटी (उपग्रह एका नोंदीत टिपतो ते जमिनीचे तुकडे) बाजूला काढाव्यात. केंद्र डोंगरावर असेल तर उपग्रहाच्या चौकटीत खालच्या दरीतली हवाही मोजली जाते आणि फरक उगाच वाढतो.

सूर्य क्षितिजाजवळ असताना डॉब्सनमध्ये भरकटलेला, म्हणजे मोजायच्या तरंगलांबीबाहेरचा, प्रकाश शिरतो आणि ओझोन कमी दिसतो. शिवाय ओझोन किती प्रकाश शोषतो हे त्याच्या तापमानावरही अवलंबून असते; नेहमीच्या गणितात ओझोनथराचे तापमान उणे ४६ अंशांच्या आसपास धरतात. प्रत्यक्षात ते ऋतूनुसार बदलते. त्यामुळे दर हिवाळ्यात तोच फरक दिसला, तर उपग्रहाला दोष देण्याआधी हे तपासावे. फरक वर्षानुवर्षे एकाच दिशेने सरकत असेल आणि तो अनेक केंद्रांवर एकाच वेळी दिसत असेल, तरच संशय उपग्रहावर घ्यावा. एकाच केंद्रावर अचानक उडी दिसली, तर आधी तिथले दिव्याच्या चाचण्यांचे (ठरावीक दिव्याच्या प्रकाशावर उपकरण तपासल्याच्या नोंदींचे) रजिस्टर उघडावे.

ही उपकरणे जुनी म्हणून बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक