नाव न सांगता मदत केलेल्यांना

२००४पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात, पणजीत भरतो, म्हणून लोकांना वाटतं, इथल्या नटाला कामांची काय कमी! ऑडिशन मात्र बहुतेक मुंबईतच, नाहीतर मोबाईलवर चित्रीकरण करून पाठवायची. तेव्हा भिंतीला निळी चादर धरून समोरच्या पात्राची वाक्यं वाचणाऱ्या शेजारच्या मावशी (खलनायकाची, तीही कोंकणी हेलात!), तुमचे आभार. जत्रेतल्या नाटकात विंगेतून हळूच वाक्य पुरवणारे काका, खोबरेल तेलाने तोंडाचा रंग उतरवायला शिकवणारे रंगभूषाकार, तुमचेही. आणि तालमीनंतर शेवटची कदंबा बस चुकली, तेव्हा स्कूटरवरून फोंड्याला सोडणारे दादा, तुमचं हेल्मेट अजून माझ्याकडेच आहे. निरोप धाडा, आणून देतो.