क्रीडामंत्री साहेब, पोराला बेंचवर बसवा पण घरी नका पाठवू

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, हे पत्र हॉकी खेळणाऱ्या एका पोराबद्दल आहे. त्याचं नाव लिहीत नाही, केंद्राचंही नाही, कुणाची बदनामी करायची नाहीये. सरकारी खर्चाने चालणारं निवासी केंद्र, पोरगा आता बारावीत जाईल, खेळतो फॉरवर्डला. सब-ज्युनियरला धडाधड गोल मारायचा म्हणून ज्युनियरच्या टीममध्ये घेतला आणि यंदाचा अख्खा सीझन कोरडा गेला, तर आता "परफॉर्मन्स समाधानकारक नाही" एवढी एक ओळ लिहून त्याला केंद्रातूनच काढायचं घाटतंय.

यंदा तो खराब खेळलाय यात वाद नाही. मी लोकल मॅचेसना अंपायरिंग करतो, चार हातांवरून बघितलाय त्याला. उजवीकडून डीमध्ये (गोलसमोरचं अर्धगोल) घुसतो झकास, पण बॉल आला की पहिल्याच टचला स्टिकवरून फूटभर उडतो आणि तेवढ्यात डिफेंडर काढून नेतो. मान कायम खाली, पलीकडच्या पोस्टला आपला गडी मोकळा उभाय हे दिसतच नाही. बॉल गेल्यावर मागे पळायचा तर सरळ कंटाळा! कोचने त्याला पहिल्या टीममधून बसवला तर मी कोचच्या बाजूने आहे.

पण साहेब, टीममधली जागा आणि हॉस्टेलमधली जागा हे दोन वेगळे निर्णय आहेत ना? इथे एकाच कागदावरून दोन्ही उरकतायत. आणि तो कागद म्हणजे काय, तर मॅचची शीट. त्यात गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला, फील्ड गोल (चालू खेळातला) की पेनल्टी कॉर्नरवर (डीमध्ये डिफेंडरची चूक झाली की मिळणारी गोलची संधी), कार्ड कुणाला, एवढंच असतं. पण तो कॉर्नर कुणी मिळवून दिला हे कुठेच लिहीत नाहीत. माझ्याच एका मॅचमध्ये या पोराने बेसलाइनवरून आत येत बॉल बरोबर डिफेंडरच्या पायात घातला, थोड्या वेळाने परत तेच केलं, दोन्ही वेळा कॉर्नर मीच दिला. त्यातल्या एकावर ड्रॅगफ्लिकरने (कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढून गोलात फेकणारा) गोल केला, शीटवर नाव फ्लिकरचं. नियमाने बरोबरच आहे ते, पण फॉरवर्डचा हिशोब नुसता त्यावर मांडला तर चुकणारच की.

दुसरं म्हणजे पोरगा वर्षभरात ताडमाड वाढलाय आणि हातात अजून ती जुनी साडेछत्तीस इंचाची स्टिक, त्यामुळे नको तितका वाकतो. विचारलं तर म्हणे सर, सामान वर्षातून एकदाच मिळतं. या वयात हात-पाय असे झपाट्याने लांब झाले की ट्रॅपिंगचं (आलेला बॉल स्टिकने थांबवायचं) टायमिंग काही महिने बिघडतं, हे कुठलाही जुना कोच सांगेल. ते सावरणार की नाही, हे बघायला कुणी थांबलंच नाही.

भारताच्या टीमच्या हरमनप्रीत सिंगचं बघा. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला 20 वर्षांचा होता, पूर्ण स्पर्धेत एक गोल नाही, क्वार्टर फायनलला बेल्जियमने आपल्याला 3-1 ने घरी पाठवलं (आपल्या मुंबईचा देविंदर वाल्मिकी पण होता त्या टीममध्ये). म्हणून त्याला कुणी गावाकडे परत नाही धाडला. त्याच डिसेंबरात लखनौला ज्युनियर वर्ल्ड कप खेळला आणि फायनलला आपण बेल्जियमलाच 2-1 ने हरवलं. भारताचा फॉरवर्ड मनदीप सिंग रिओच्या टीममध्ये नव्हता, तोही त्याच ज्युनियर टीममध्ये होता आणि नंतर टोकियो, पॅरिस दोन्ही ऑलिंपिकहून ब्राँझ घेऊन आला. हरमनप्रीतचे पॅरिसला 10 गोल, स्पेनविरुद्धच्या ब्राँझच्या मॅचमधले दोन्ही त्याचेच. आमचा पोरगा हरमनप्रीत होईल असं मी म्हणत नाही, बहुतेक नाहीच होणार. पण त्या दोघांना खेळत राहायला खालची एक पायरी होती, याला थेट एसटी स्टँड.

जागा मोजक्या आणि बाहेर पोरांची रांग लागलीय, मान्य. मग काढा ना, पण आधी सांगून काढा. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला लेखी कळू दे की तुझ्याकडून काय हवंय, फॉरवर्ड असेल तर डीमध्ये किती वेळा शिरला, कॉर्नर किती काढले, बॉल परत मिळवायला पळाला का, फिटनेस टेस्ट काय आली. मॅचचं शूटिंग मोबाइलवर झालं तरी चालतंय. काढायची वेळ आलीच तर बाहेरचा एक कोच आणि फिजिओ यांनी ते बघून सही करावी, आईबापांना बोलावून समोर सांगावं, आणि बारावीच्या वर्षात कुणाला हॉस्टेल सोडायला लावू नये. आत्ता या पोराला काढला तर त्याला कॉलेज बदलावं लागणार आणि गावाकडे टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) नाही, म्हणजे हॉकी तिथेच संपली.

मला तुमच्या ऑफिसातून कुणाला फोन-बिन नकोय साहेब, शिफारशीने टीममध्ये घुसलेले खूप बघितलेत. सगळ्या केंद्रांना लागू होईल असं एक परिपत्रक काढा, आणि ते निघेपर्यंत या वर्षीची काढाकाढी थांबवा. मी अंपायर असलेल्या काही मॅचेसचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत, मागवले तर लगेच पाठवतो.

आपला,
एक हॉकी अंपायर, खडकी, पुणे